सांजवेळचा बर्फ

बर्फाचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर वर्गातील सारी मुले एकमुखाने 'पांढरा' असे उत्तर देतील. ज्यांनी डोंगरावरचा बर्फ डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही, तीही हेच सांगतील. आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी वळवाच्या पावसाबरोबर पडणाऱ्या गारा आणि कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गोठलेले दव, एवढाच काय तो आपला त्याच्याशी परिचय. तरीही हिमालय म्हटला की शुभ्र शिखरे डोळ्यांपुढे उभी राहतात.

आता अशी कल्पना करा की, एक प्रवासी हिवाळ्यात हिमालयातील एखाद्या गावी गेला आहे. सूर्य मावळण्याच्या वेळी समोरचे दृश्य पाहून तो हरखून जातो आणि त्याची छायाचित्रे काढतो. रात्री खोलीत बसून तो ती पाहू लागतो, तेव्हा मात्र त्याचा विरस होतो. छायाचित्रातील बर्फ कोठे करडा दिसतो, कोठे निळा, तर कोठे गुलाबी. ज्याला निखळ पांढरा म्हणावा, असा तुकडा शोधूनही सापडत नाही. कॅमेऱ्यात काही बिघाड झाला असावा, असे त्याला वाटते. या दोषारोपात थोडे तथ्य आहे, पण फार थोडे. बर्फ करडा दिसला, ही कॅमेऱ्याची चूक होय. तो निळा आणि गुलाबी दिसला, ही मात्र चूक नव्हे. तेथे कॅमेरा खरे बोलत होता आणि प्रवाशाच्या डोळ्यांनीच त्याची समजूत घातली होती.

डोळे अशी समजूत घालतात, याचा अनुभव घरबसल्या घेता येतो. वीज गेली आणि कंदील लावला, की त्याच्या पिवळ्या उजेडात साऱ्याच वस्तूंवर पिवळी छटा चढते. तरीही अंगातला सदरा आपल्याला पांढराच वाटतो. सदरा पांढरा आहे, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. शिवाय भोवतालच्या उजेडाचा रंग वजा करून पाहण्याची सवय डोळ्यांना व मेंदूला जडलेली असते. ही सवय उपकारकच आहे. ती नसती, तर सकाळी पाहिलेली वस्तू संध्याकाळी ओळखणेही कठीण झाले असते. पण बर्फावरची संध्याकाळ ज्याला टिपायची आहे, त्याने ही सवय थोडा वेळ बाजूला ठेवली पाहिजे.

जर्मन महाकवी गटे याने ती फार पूर्वी बाजूला ठेवली होती. १७७७ सालच्या डिसेंबर महिन्यात तो जर्मनीतील ब्रोकेन नावाच्या बर्फाच्छादित डोंगरावर चढला होता. तो उतरत असताना संध्याकाळ होऊ लागली. दिवसा बर्फावर पिवळसर ऊन होते, तेव्हा झाडांच्या व खडकांच्या सावल्या त्याला फिकट जांभळ्या दिसल्या. सूर्य अस्तास जाऊ लागला व सारा बर्फ तांबूस झाला, तेव्हा त्याच सावल्या हिरव्या भासू लागल्या. पुढे १८१० साली प्रसिद्ध झालेल्या रंगांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने हा अनुभव नोंदवला. त्यातील हिरवा रंग बर्फावर नव्हता, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत निर्माण झाला होता. एका रंगाने भोवताल भरून गेला, की त्याच्या विरोधी रंगाची छटा डोळे आपण होऊन शेजारी पाहू लागतात. म्हणजे डोळे कधी असलेला रंग झाकतात, तर कधी नसलेला रंग दाखवतात. कवीलाही असे बारकाईने पाहावेसे वाटले, ही गोष्ट मला फार आवडते.

आता मुळात बर्फाला रंग कोठून येतो, ते पाहू. खडीसाखरेचा मोठा खडा बऱ्याच अंशी पारदर्शक असतो, पण तोच खलबत्त्यात कुटला की पांढरी पूड होते. काचेचेही तसेच. बर्फाचा एकेक कण काचेसारखा स्वच्छ असतो. असे असंख्य कण एकमेकांवर पडतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. प्रकाशाचा किरण या ढिगात शिरला, की कणाकणावर आपटत, वळत, परतत अखेर बाहेर येतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ८० ते ९० भाग असा परत करतो आणि परत करताना त्याच्या रंगात जवळजवळ काहीच फेरफार करीत नाही. पांढरा प्रकाश पडला तर बर्फ पांढरा, गुलाबी पडला तर गुलाबी. पांढऱ्या पडद्यावर जे चित्र पाडावे ते उमटते, तशातलाच हा प्रकार आहे.

या पडद्यावर एकाच वेळी दोन दिव्यांचा उजेड पडत असतो. एक दिवा सूर्य, हे उघड आहे. दुसरा दिवा म्हणजे आकाश. आकाश निळे का, याचा शोध घेणाऱ्यांत जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ होता. तो स्वतः पट्टीचा गिर्यारोहक असून आल्प्स पर्वतातील वाइसहॉर्न या शिखरावर १८६१ साली पोहोचलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. पुढे १८७१ साली लॉर्ड रॅले याने या प्रश्नाचा गणिती उलगडा केला. हवेचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाशातील निळा भाग तांबड्या भागापेक्षा सुमारे सहापट अधिक विखुरतात. असा विखुरलेला निळा प्रकाश चहूकडून आपल्याकडे येतो, म्हणून आकाश निळे दिसते. उघड्यावरील बर्फावर सूर्य व आकाश या दोघांचाही प्रकाश पडतो, पण त्यात सूर्याचाच वरचष्मा असतो. झाडाच्या सावलीतील बर्फाला मात्र सूर्य दिसत नाही, त्याला दिसते ते केवळ आकाश. म्हणून तेथील बर्फ निळा होतो. सावली म्हणजे काळोख, अशी आपली समजूत असते. बर्फावरची सावली पाहिली की ती पार नाहीशी होते, कारण तेथे सावली म्हणजे आकाशाचा उजेड होय.

संध्याकाळी या दोन दिव्यांमधील अंतर वाढत जाते. सूर्य माथ्यावर असताना त्याचे किरण हवेच्या थरातून सरळ खाली येतात. तो क्षितिजाला टेकला, की तेच किरण हवेतून तिरपे येतात आणि त्यांना जवळजवळ ३८ पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या वाटेत निळा भाग विखरून जातो आणि उरतो तो पिवळा, नारिंगी आणि शेवटी तांबडा. ऊन असे तांबडे होत असते, त्याच वेळी माथ्यावरचे आकाश मात्र निळेच असते. मग उन्हातला बर्फ गुलाबी आणि सावलीतला बर्फ गडद निळा, अशी दोन रंगांची वाटणी एकाच डोंगरउतारावर होते. दुपारी हे दृश्य कितीही शोधले तरी सापडणार नाही.

ते पाहण्यास उत्तम अशा जागांपैकी एक आपल्याच देशात आहे. उत्तराखंड राज्यात, पिथौरागढ जिल्ह्यात, मुनस्यारी नावाचे गाव सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसले आहे. गावाच्या पूर्वेस गोरीगंगा नदीचे खोल खोरे असून त्याच्या पलीकडे पाच शिखरांची एक रांग उभी आहे. तिला पंचाचूली म्हणतात. स्वर्गारोहणास निघालेल्या पांडवांनी या पाच चुलींवर आपला शेवटचा स्वयंपाक केला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. चूल हा शब्द आपल्याला इतका घरचा, की हे नाव ऐकताच ती दूरची शिखरे एकदम जवळची वाटू लागतात. यांतील सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटर उंच आहे.

पंचाचूली गावाच्या पूर्वेस आहे, ही गोष्ट छायाचित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सकाळी सूर्य त्या शिखरांमागून उगवतो, त्यामुळे त्यांची आपल्याकडील बाजू सावलीत राहते. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो व शिखरांच्या तोंडावर प्रकाश टाकतो. एखाद्या ठिकाणचे सूर्यास्ताचे छायाचित्र काढायचे म्हणजे सूर्याकडेच तोंड केले पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. पंचाचूलीसमोर मात्र सूर्यास्ताकडे पाठ करून उभे राहावे लागते.

डिसेंबर महिन्यात तेथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. गावाच्या पश्चिमेलाही डोंगर असल्यामुळे गावातील ऊन त्याआधीच जाते. म्हणून निदान तासभर आधी जागेवर जाऊन पोहोचले पाहिजे. गावाजवळ एका उंच मोकळ्या माळावर नंदादेवीचे मंदिर आहे. तेथून खोरे व शिखरे दोन्ही दिसतात. अशा ठिकाणी गेल्यावर पहिले काम कॅमेरा बाहेर काढण्याचे नव्हे. पहिले काम पाय जपून टाकण्याचे. ताज्या बर्फावर एकदा पावले उमटली, की पुन्हा बर्फ पडेपर्यंत ती पुसता येत नाहीत. घाईने पुढे धावणारा मनुष्य आपल्याच चित्राचा पुढचा भाग तुडवून टाकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याचाही बिघडवतो. म्हणून आधी कडेने फिरावे, कोठून काय दिसते ते पाहून घ्यावे आणि मग तिपाई रोवावी. भुसभुशीत बर्फावर तिपाई नुसती ठेवून चालत नाही. तिचे पाय खालच्या कठीण थरापर्यंत दाबावे लागतात, नाहीतर ऐन वेळी एक पाय हळूच खचतो.

सूर्य खाली येऊ लागला, की पायांजवळच्या बर्फात बदल होऊ लागतो. दुपारी जी पृष्ठभूमी सपाट चादरीसारखी दिसत होती, तिच्यावर वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लहरी दिसू लागतात. याचे कारण साधे आहे. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असेल, तर कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साडेपाच पटींहून अधिक लांब पडते. तो ५ अंशांवर आला, की हीच सावली सुमारे साडेअकरा पट होते. म्हणजे बर्फावरची लहर अवघी दोन सेंटिमीटर उंच असली, तरी तिची सावली वीतभर लांब पडते. एवढीशी लहर अशी आपली रेघ ओढून दाखवते. ज्यांना बर्फाचा पोत छायाचित्रात आणायचा असतो, ते दुपारी विश्रांती घेतात, त्याचे कारण हेच.

यानंतरचा अर्धा तास भराभर सरतो. प्रथम गाव सावलीत जाते व घरांच्या छपरांवरील बर्फ निळा होतो. मग सावली खोऱ्यात भरू लागते. धरणाचे पाणी चढावे तशी ती समोरच्या उतारावर वर वर चढते. तिच्या वरचा भाग आधी सोनेरी, मग नारिंगी आणि मग गुलाबी होतो. गावातील ऊन गेल्यावरही शिखरे पुष्कळ वेळ उजळलेली राहतात, कारण एवढ्या उंचीवरून पाहिले तर सूर्य अजून मावळलेला नसतो. पाचही चुली पेटल्याचा भास होतो तो याच वेळी. शेवटी सर्वांत उंच टोकावरची ठिणगीही विझते आणि शिखरे राखेसारखी दिसू लागतात. येथेच पुष्कळ लोक कॅमेरा बंद करून चहाच्या शोधात निघतात. त्यांनी आणखी थोडा वेळ थांबावे. आकाश निरभ्र असेल, तर शिखरांच्या मागे पूर्वेकडे एक निळसर करडा पट्टा वर येताना दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा असतो. खालचा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीचीच सावली. ती हवेवर पडलेली असते. काही वेळा आकाशातील या गुलाबी उजेडाने शिखरे पुन्हा एकदा मंदपणे उजळतात. त्या उजेडाला कडा नसते, सावली नसते. सारा बर्फ जणू आतून प्रकाशत आहे, असे वाटते.

हे सारे कॅमेऱ्यात कसे आणावे? आपल्या प्रवाशाचा बर्फ करडा का झाला, ते येथे सांगितले पाहिजे. कॅमेऱ्यात प्रकाश मोजण्याची सोय असते. मोबाइलमधल्या कॅमेऱ्यातही ती असते. किती प्रकाश आत घ्यायचा, हे त्या मापावरून ठरते. पण समोर काय आहे, हे मापकाला ठाऊक नसते. झाडे, घरे, माणसे, जमीन असे सर्व मिळून जग साधारण मध्यम करड्या तेजाचे असते, असे गृहीत धरून तो बनवलेला आहे. हे मध्यम करडे म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सुमारे १८ भाग परत करणारे. समोर सगळा बर्फच असला, तर मापकाला वाटते, केवढा हा उजेड! मग तो प्रकाश कमी घेतो आणि बर्फाला ओढून करड्यावर आणतो. हा मापक गणितात हुशार, पण व्यवहारात कच्चा, अशा विद्यार्थ्यासारखा आहे. त्याचे उत्तर आपण दुरुस्त करायचे असते. दुपारच्या उन्हात समोर बर्फच बर्फ असेल, तर मापक सांगेल त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट-चौपट प्रकाश घ्यावा लागतो. त्यासाठी झडप अधिक वेळ उघडी ठेवतात किंवा भिंगामागचे छिद्र मोठे करतात. नव्या कॅमेऱ्यांत व पुष्कळशा मोबाइलांत हे काम एक खूण सरकवून करता येते. ही चूक अलीकडच्या काही यंत्रांना आपण होऊन उमगते, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबण्यात अर्थ नाही.

परंतु हा नियम संध्याकाळी आंधळेपणाने लावला तर वेगळाच घोटाळा होतो. संध्याकाळी शिखर उजळलेले असते आणि खोरे अंधारलेले. खोऱ्याच्या मानाने प्रकाश घेतला, तर शिखर भगभगीत पांढरे होते. त्याचा गुलाबी रंग जातो, त्यावरच्या घळी व कडे जातात आणि कोऱ्या कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखे ते दिसते. शिखराच्या मानाने प्रकाश घेतला, तर खोरे काळे पडते. दोन्ही साधत नसतील तर काय राखावे? माझे मत विचाराल, तर शिखर राखावे. अंधारात हरवलेल्या खोऱ्यातून नंतर थोडेबहुत काढता येते, पण कागद कोरा झाला की त्यावर काहीच उरत नाही. शिवाय संध्याकाळी खोरे अंधारलेलेच असते. ते चित्रातही अंधारले तर त्यात खोटे काहीच नाही.

आता रंगाविषयी. वर सांगितलेली डोळ्यांची सवय आजच्या कॅमेऱ्यांनीही उचलली आहे. समोरच्या उजेडाचा रंग ओळखायचा, तो वजा करायचा आणि पांढऱ्या वस्तूला पांढरे करून दाखवायचे, अशी योजना त्यांच्यात असते. खोलीतल्या दिव्याखाली माणसाचे छायाचित्र काढताना ती फार उपयोगी पडते. पण तीच योजना बर्फावरच्या संध्याकाळी सुरू राहिली, तर यंत्र सावलीतील निळा रंग पुसू पाहते किंवा शिखरावरचा गुलाबी फिका करते. हाती येतो तो दुपारसारखा पांढरा बर्फ. म्हणून जाणते छायाचित्रकार ही योजना बंद करतात व कॅमेऱ्याला भर उन्हाच्या मापावर बांधून ठेवतात. दुपारच्या उन्हात जे पांढरे, तेच पांढरे, एवढे ठरवून दिले की संध्याकाळचे सारे रंग आपापल्या जागी उमटतात. याच्या उलट वागणारेही पुष्कळ आहेत. ते घरी आल्यावर गुलाबीचा तांबडा करतात आणि निळ्याची शाई करतात. अशी चित्रे क्षणभर डोळ्यांत भरतात, परंतु पंचाचूलीसमोर खरोखर उभा राहिलेला मनुष्य ती लगेच ओळखतो.

रंग राखावा की पुसावा, हा प्रश्न आज पडू शकतो, कारण आज रंग हाती येतो. आरंभीच्या छायाचित्रकारांना ती सोय नव्हती. सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला आणि १८६६ पर्यंत त्याने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. त्या काळी काचेच्या पट्टीवर चिकट द्रव ओतून, ती चांदीच्या क्षारात बुडवून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळण्यापूर्वीच धुवावी लागे. हे सारे काही मिनिटांत उरकायचे असे. त्यामुळे काळोखा तंबू, काचा, औषधांच्या बाटल्या आणि पाणी हा सर्व संसार बरोबर न्यावा लागे. त्यासाठी बोर्नबरोबर तीस, चाळीस आणि त्याहूनही अधिक हमाल असत. तिसऱ्या प्रवासात तो स्पितीजवळच्या मनिरंग खिंडीत सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर पोहोचला व तेथेही त्याने छायाचित्रे काढली. ओझे वाहणाऱ्या त्या पहाडी माणसांची नावे मात्र छायाचित्रांखाली लिहिली गेली नाहीत.

एवढे कष्ट करूनही बोर्नला संध्याकाळ टिपता आली नसती, कारण त्याच्या काचेला तांबडा रंग दिसतच नव्हता. तिच्यावर परिणाम होई तो निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा. म्हणून निळे आकाश छायाचित्रात बर्फाइतकेच पांढरे उमटे आणि शिखराची कडा आकाशात विरून जाई. तांबूस सांजप्रकाश तर त्या काचेच्या लेखी जवळजवळ अंधारच होता. ज्या घटकेला माणसाचे डोळे सर्वांत अधिक सुखावत, त्याच घटकेला कॅमेरा आंधळा होई. १८७३ साली बर्लिन येथील प्राध्यापक फोगेल याला असे आढळले, की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले, तर ती निळ्याखेरीज इतर रंगांनाही दाद देऊ लागते. सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात येण्यास १९०६ साल उजाडले. ती छायाचित्रेही करड्या-काळ्या छटांचीच असत, पण भिंगापुढे पिवळी किंवा तांबडी काच धरून आता निळे आकाश गडद करता येऊ लागले. शिखर आकाशातून वेगळे होऊन उभे राहिले ते तेव्हा.

प्रत्यक्ष रंग आला तो बटाट्याच्या कृपेने, असे म्हटले तर तुम्हांला हसू येईल, पण ते खरे आहे. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली रंगीत छायाचित्रांच्या काचा विक्रीस आणल्या. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी-तांबड्या, हिरव्या व निळ्या-जांभळ्या रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत. या कणांतून गाळून आलेला प्रकाश मागच्या लेपावर पडे आणि काच धुऊन उजेडासमोर धरली, की रंगीत चित्र दिसे. या काचांना प्रकाश मात्र फार लागे. साध्या काचेला जेथे क्षण पुरे, तेथे यांना अनेक पटींनी वेळ द्यावा लागे. माणूस हलला की चित्र बिघडे. डोंगर व बर्फ हलत नाहीत, हा त्यातल्या त्यात दिलासा.

अशाच काचा घेऊन हर्बर्ट पॉन्टिंग हा छायाचित्रकार कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेबरोबर १९१० साली निघाला. अंटार्क्टिकात एप्रिलच्या अखेरीस सूर्य मावळला, की त्या ठिकाणी तो सुमारे चार महिने उगवत नाही. त्यापूर्वीचे काही आठवडे सूर्य क्षितिजालगत रेंगाळत असतो व संध्याकाळ लांबत जाते. १९११ सालच्या त्या दिवसांत पॉन्टिंगने गोठलेल्या समुद्रावरील सांजरंगांची छायाचित्रे या बटाट्याच्या काचांवर घेतली. आज पाहताना ती थोडी रवाळ व अंधुक वाटतात. तरी त्यांत नारिंगी आकाश आणि त्याखालचा गडद बर्फ ही दोन्ही स्पष्ट ओळखू येतात.

पॉन्टिंगला अंधाराइतकेच थंडीशीही झगडावे लागले. एकदा काम करीत असताना त्याच्या जिभेचे टोक कॅमेऱ्याच्या धातूच्या भागाला लागले. ते तत्काळ तेथे गोठून चिकटले आणि मान झटकून सोडवताना जिभेची साल तेथेच राहिली. मुनस्यारीस एवढी थंडी नसते, तरी धातूच्या तिपाईला उघडा हात लावू नये, हे त्यावरून ध्यानात येईल. थंडीने बोटे बधिर होतात व बारीक कळ फिरवता येत नाही. म्हणून पातळ हातमोज्यांवर जाड हातमोजे घालतात व काम करतेवेळी तेवढे वरचे काढतात. भिंगावर श्वास जाऊ द्यायचा नसतो, कारण बाष्प तेथेच गोठते आणि पुसू गेल्यास अधिकच पसरते. थंडीत विजेच्या बॅटरीचा जोरही मंदावतो. भरलेली बॅटरी संपल्याची खूण दाखवू लागते, पण ती काढून अंगातल्या खिशात शरीराच्या उबेत ठेवली, की पुन्हा काही वेळ चालते. यासाठी दुसरी बॅटरी आधीपासूनच आतल्या खिशात बाळगावी.

सर्वांत मोठा धोका तर काम आटोपल्यावर असतो. थंडीने कुडकुडलेला माणूस धावतच शेगडी पेटलेल्या खोलीत शिरतो आणि कॅमेरा टेबलावर ठेवतो. थंड पाण्याचा तांब्या भरून ठेवला, की त्याच्या बाहेरच्या अंगाला जसे पाणी सुटते, तसेच उबदार हवेतील बाष्प त्या गार कॅमेऱ्यावर जमते. ते भिंगाच्या आतही शिरते आणि तेथे पुसायला हात पोहोचत नाही. पॉन्टिंग तर याच भीतीने आपले कॅमेरे झोपडीबाहेरच्या थंडीत ठेवी. आज त्यावर सोपी तोड आहे. बाहेर बर्फातच उभे असताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधायचे आणि मग ती पिशवी खोलीत न्यायची. पाणी जमायचे ते पिशवीच्या बाहेरून जमते. कॅमेरा खोलीइतका उबदार व्हायला एक-दोन तास लागतात. तोवर पिशवी उघडायची नाही व छायाचित्रेही पाहायची नाहीत.